बाबा कायमचे येतायत

जगाच्या पाठीवर कुठेही काहीही पोचवायचं असेल, तर ऋजुताला सांगावं! लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या ऑफिसात बसून तिनं जिवंत मधमाश्या नॉर्वेला धाडल्या होत्या. एका जोडप्याचा पियानो दुबईला नेला होता आणि त्यांचा घटस्फोट झाल्यावर परतही आणला होता. अडलेला माल सोडवणं हाच तिचा धंदा. तिचा आवाज फोनवर आला की कस्टमवाले खुर्चीत सरळ बसत, आणि जे जुने होते ते चहा प्यायला उठून जात.

त्यामुळे बाबांच्या अस्थी बेटावर न्यायची गोष्ट निघाली, तेव्हा तिनं आईला ठणकावून सांगितलं, "तू काही बघू नकोस. एका फोनचं काम आहे."

सुचेताबाईंनी छताकडे पाहिलं. मागे एकदा बाथरूमचा नळ गळत होता, तेव्हाही ऋजुता 'दहा मिनिटांचं काम आहे' म्हणाली होती. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं छत कुकरवर उतरलं होतं!

अस्थी शेडमध्ये होत्या. त्या घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगतात, हे सुचेताबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण अंगणात झाड नव्हतं. शेजाऱ्याचं सफरचंदाचं होतं, आणि त्याच्याशी कुंपणावरून बोलणं बंद होतं. म्हणून क्रिमेटोरियमनं दिलेला तो हिरवा प्लास्टिकचा डबा, फिरकीच्या झाकणाचा, थेट लोणच्याच्या बरणीसारखा, गवत कापायच्या मशीनशेजारी ठेवला होता. जानेवारी होता. सुचेताबाई रोज सकाळी शेडचं दार उघडून "आज फार गारठा आहे हो" एवढं सांगून येत.

'गेले' हा शब्द त्यांनी अजून एकदाही उच्चारला नव्हता. त्यांच्या माहेरी उंबरा ओलांडणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, असा दंडक होता. लग्नानंतर त्यांनी नवऱ्यालाही ती शिस्त लावली. अँब्युलन्समध्ये चढवताना रघुवीररावांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून "येतो गं" म्हटलं होतं, आणि बाई त्या शब्दावर अडून बसल्या होत्या.

आता बेटाविषयी. रघुवीर कारखानीस जन्मले हाँगकाँगमध्ये, ते ब्रिटनच्या ताब्यात असताना. नोकरीला गेले कॅरिबियन समुद्रातल्या सेंट बार्नाबस बेटावर, तेही ब्रिटनच्याच ताब्यातलं. म्हणजे एकाच साहेबाच्या एका ओसरीवरून उठून दुसऱ्या ओसरीवर जाऊन बसले, एवढंच. तिथल्या वीजघरात ते इंजिनियर होते. वादळ होऊन गेलं की बेटावरचे लोक आधी देवाला हाक मारत आणि मग मिस्टर के.ला, आणि मिस्टर के. लवकर येत!

मग साहेबानं पहिली ओसरी चीनला परत केली. दुसऱ्या ओसरीवरचे म्हणाले, तुमचा कागद त्या ओसरीचा, आमचा नाही. पुढे बेटावरच्या सगळ्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. तिथं जन्मलेल्या ऋजुतालाही मिळालं. ती झोपेतून उठली ती ब्रिटिश होऊन, आणि तिला उठवणारे बाबा होते तसेच राहिले. त्यांना ते मिळालं बऱ्याच काळानं, वेगळा अर्ज करून. पण बेटाचा स्वतःचा एक वेगळाच शिक्का होता, 'बिलाँगर'. सुचेताबाई त्याला 'इथला' म्हणत. ज्याला तो मिळाला, त्याला जमीन घेता येई, मत देता येई आणि टेकडीवरच्या दफनभूमीत जागा मिळे. रघुवीररावांचा बिलाँगरचा अर्ज नोकरीची सगळी वर्षं विचाराधीन राहिला. निवृत्त झाले तसा कामाचा परवाना संपला आणि बेटाच्या दृष्टीनं ते पाहुणे झाले. मग ते मुलीकडे स्लाऊला आले आणि मे महिन्यातही माकडटोपी घालून फिरू लागले.

एका शब्दाचा मात्र त्यांना भयंकर राग होता. जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईनं एकदा सहज विचारलं, "तुम्ही मुलीवर डिपेंडंट आहात का?"

"मी?" रघुवीरराव गरजले. "अख्ख्या बेटाचे दिवे माझ्यावर डिपेंडंट होते, मॅडम!"

आणि त्या घरात एकजण बिलाँगर होता. ऋजुताच्या आधी सुचेताबाईंना एक मुलगा झाला होता, वीर. आठ दिवसांचा होऊन वारला. तान्ह्या मुलांना दहन करत नाहीत, म्हणून त्याला टेकडीवर, एका बदामाच्या झाडाखाली पुरलं. तेव्हाच्या कायद्यानं जो बेटावर जन्मला तो इथला. ऋजुता जन्मायच्या आधीच तो कायदा बदलला. रघुवीरराव दर रविवारी तिथलं गवत कापायला जात. शेवटच्या आजारात त्यांनी एवढंच मागितलं होतं. "गंगाबिंगा काही नको. मला त्याच्याशेजारी ठेवा. पोराला इतकी वर्षं सोबत नाही."

ऋजुतानं बिलाँगरचा शिक्का देणाऱ्या स्टेटस बोर्डाला फोन केला. बेटावर सुट्टी होती. पलीकडच्या यंत्रावर तिनं निरोप ठेवला. मधमाश्यांपासून पियानोपर्यंत सगळ्याचं नाव घडघडा घेणारी ही बाई, पण यावेळी नेमका 'अस्थी' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. "माझ्या वडिलांना बेटावर आणायचंय, परवानगी हवी," एवढंच म्हणून तिनं घरचा नंबर आणि ईमेल दिला.

उलट फोन आला तेव्हा ती ऑफिसात होती. सुचेताबाईंनी उचलला. स्टेटस बोर्डाची सेक्रेटरी मिस ऑलिव्ह बोलत होती. जुनी ओळख, फक्त कनेक्शन खरखरीत.

"मिसेस के.! निरोप मिळाला. मिस्टर के.विषयी होता ना?"

"हो, हो. ही इज कमिंग," सुचेताबाई म्हणाल्या.

"इकडे? देवा रे! आम्ही तर ऐकलं होतं की फार आजारी आहेत."

"होते. आता काही त्रास नाही. अगदी शांत आहेत."

"अलेलुया! किती दिवस राहतील?"

"कायमचे."

"कायमचे!" मिस ऑलिव्हनं बहुधा कुणाला तरी खुणावून बोलावलं. "व्हीलचेअर लागेल?"

"छे! अगदी हलके झालेत. मुलगी हातातून आणेल."

"आणि पथ्य? अजून बीफ खात नाहीत ना?"

सुचेताबाईंनी क्षणभर विचार केला. "आता काहीच मागत नाहीत," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. ते फोनवरून दिसलं नाही.

संध्याकाळी ऋजुता घरी आली तर तिच्या ईमेलमध्ये जत्रा भरली होती! वीजघराचं बँडपथक धक्क्यावर स्वागताला उभं राहणार होतं. चर्चच्या बायका विचारत होत्या, मिस्टर के.ना भात अजून मऊ लागतो का. एका जुन्या वायरमननं लिहिलं होतं की साहेब, तुम्ही गेल्यापासून तिसऱ्या नंबरचं जनित्र खोकतंय, येताच बघा. आणि सगळ्यांत वर स्टेटस बोर्डाचे अध्यक्ष मिस्टर टॉबिन यांचं पत्र होतं. गृहस्थ कायमचे परत येत आहेत ही बातमी बेटभर झाल्यामुळे बोर्डाला स्वतःची लाज वाटली होती. अर्ज मंजूर! शपथ घ्यायची तेवढी राहिली. तीही आजारी माणसाला ताटकळत ठेवायला नको म्हणून गुरुवारी व्हिडिओवर घेऊ. "बोटीतून उतरताना त्यांना इथला माणूस म्हणून उतरू द्या."

ऋजुतानं ते दोनदा वाचलं. मग ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, काय सांगितलंस तू त्यांना?"

"खरं तेच. एक शब्द खोटा नाही."

"हलके झालेत म्हणालीस?"

"झालेत की. डबा उचलून बघ."

ऋजुता खाली बसली. तिथल्या तिथे फोन लावून खुलासा करायला हवा होता. पण ती अडलेला माल सोडवणारी बाई! आयुष्यभर जे बाबांना मिळालं नाही, ते एका चुकीच्या फोनवर मंजूर झालं होतं, आणि आपल्याच तोंडानं ते रद्द करायचं? उद्या सांगू, असं ती मंगळवारी म्हणाली. बुधवारीही तेच म्हणाली. गुरुवारी तिनं एका चिठोऱ्यावर तीन वाक्यं लिहून ती लॅपटॉपच्या कडेला चिकटवली. कॉल सुरू होताच, पहिल्या श्वासात, वाचून टाकायची.

नेमके त्या दिवशी नंदूकाका टपकले. नंदूकाका म्हणजे बाबांचे स्लाऊमधले एकुलते एक मित्र, बसचे निवृत्त ड्रायव्हर, देहानं बसच्याच घरातले. त्यांचा कान ठणकत होता.

"भावजी, कानाला वारा लागू देऊ नका," म्हणून सुचेताबाईंनी खुंटीवरची रघुवीररावांची माकडटोपी काढून त्यांच्या डोक्यात चढवली. वर शालही गुंडाळली. नंदूकाका सोफ्यावर बसले. डोळे, नाक आणि मिशांचं एक टोक, एवढेच काका शिल्लक राहिले.

कॉल लागला. पडद्यावर दहा-बारा माणसं, मागे फुगे, आणि टेबलावर दिव्याच्या आकाराचा केक. ऋजुतानं श्वास घेतला. "मिस्टर टॉबिन, मला आधी एक गोष्ट—"

"ते बघा! मिस्टर के.!" मिस ऑलिव्ह किंचाळली. "तीच टोपी! गेल्या वर्षीच्या फोटोतली!"

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ट्रम्पेट वाजवलं. ऋजुतानं मागे वळून पाहिलं. नंदूकाका आपल्याला कोण एवढं ओळखतंय म्हणून भारावून हात जोडून बसले होते.

"पण मिसेस के. तर म्हणाल्या, हलके झालेत!" वायरमन म्हणाला. "साहेब, तुम्ही तर दुप्पट झालात!"

"नाही, ऐका, हे—" ऋजुता.

"नंतर, डिअर, नंतर," मिस्टर टॉबिन उठून उभे राहिले. "आम्ही आधीच फार उशीर केलाय. मिस्टर के., उजवा हात वर करा आणि माझ्यामागून म्हणा."

इथं एक सांगायला हवं. नंदूकाकांनी ब्रिटिश नागरिकत्वाची शपथ घेतली, तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. कुणी 'माझ्यामागून म्हणा' म्हटलं की त्यांचा उजवा हात रेल्वेच्या सिग्नलसारखा आपोआप वर जाई. त्यात टोपीखालून त्यांना अर्धवट ऐकू येत होतं.

"मी..." मिस्टर टॉबिन म्हणाले.

"मी!" नंदूकाका दणदणीत म्हणाले.

"काका, गप्प बसा!" ऋजुता मराठीत पुटपुटली.

"अगं, शपथ चालू आहे," काकांनी तिलाच दटावलं. "मध्ये बोलू नये."

"या बेटाशी..."

"या बेटाशी!"

"एकनिष्ठ राहून..."

"एकनिष्ठ राहून!"

लॅपटॉपच्या कडेचा चिठोरा गळून पडला. आणखी दोन-तीन शब्द उरले होते. तेवढे झाले की बाबा इथले होणार होते. ऋजुताला माहीत होतं की हात पुढे करून लॅपटॉप बंद करायला हवा. तिनं हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"थांबा!"

सुचेताबाई दारात उभ्या होत्या. हातात काकांसाठी आणलेला लसणीच्या तेलाचा चमचा. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. सोफ्यावरच्या त्या माकडटोपीकडे बघत होत्या.

"हे नाहीत ते," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे वळून, इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "हे नंदू आहेत. यांचा कान दुखतोय. माझे मिस्टर—"

तेल चमच्यातून गालिच्यावर ठिबकत होतं.

"माझे मिस्टर गेले. ते शेडमध्ये आहेत."

ट्रम्पेटवाल्यानं ट्रम्पेट खाली ठेवलं. नंदूकाकांचा हात मात्र वरच राहिला होता. ऋजुतानं तो धरून खाली आणला. घरात ते पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर छत वगैरे काही पडलं नव्हतं. सुचेताबाई सोफ्याच्या हातावर टेकल्या. ऋजुता त्यांच्या पायाशी बसली. दोघी रडल्या. नंदूकाकाही रडले, पण टोपीत.

पलीकडे मिस ऑलिव्ह नाक शिंकरत होती. मिस्टर टॉबिननी बराच वेळ चष्मा पुसला.

"मिसेस के.," शेवटी ते म्हणाले, "मला हे बोलताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण मृत माणसाला शपथ घेता येत नाही. अर्ज इथं बंद होतो."

"हो," सुचेताबाई म्हणाल्या.

"बिलाँगर नसलेल्या माणसाला दफनभूमीत जागा—"

"माहीत आहे."

जगातला कुठलाही माल सोडवणाऱ्या बाईला स्वतःच्या बापासाठी एक कलम आठवत नव्हतं. मधमाश्यांचं आठवत होतं.

तेवढ्यात मिस ऑलिव्हनं टॉबिनसाहेबांना कोपरानं बाजूला सारलं.

"मिसेस के., बेटावर मिस्टर के.चं कुणी नातेवाईक आहे का? कुणी बिलाँगर?"

"आहे," सुचेताबाई म्हणाल्या. "मुलगा."

"मुलगा? कुठं राहतो?"

"टेकडीवर. बदामाच्या झाडाखाली."

मिस ऑलिव्हला ते झाड माहीत होतं. बेटावर सगळ्यांना माहीत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "नियम आहे. बिलाँगरच्या जागेत त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला ठेवता येतं. फक्त मला विचारावं लागेल... मुलाचं वय?"

"आठ दिवस," सुचेताबाई म्हणाल्या.

मिस ऑलिव्हनं ते लिहून घेतलं. मिस्टर टॉबिन फुग्यांकडे तोंड करून उभे राहिले.

कॉल संपल्यावर नंदूकाकांनी टोपी काढली आणि डोळे टिपले. थोड्या वेळानं त्यांनी चाचरत विचारलं, "वहिनी, माझी शपथ अर्ध्यावर राहिली. मग मी आता कुठला म्हणायचा?"

"कान इकडे करा," सुचेताबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात परवाना आला. नाव, रघुवीर कारखानीस. दर्जा, डिपेंडंट. स्पॉन्सर, वीर रघुवीर कारखानीस. मुदत, स्पॉन्सर बेटावर राहील तोपर्यंत.

ऋजुता तो घेऊन शेडमध्ये गेली. हिरव्या डब्यासमोर उभं राहून तिनं मोठ्यानं वाचला. 'डिपेंडंट' या शब्दापाशी ती सवयीनं थांबली. कुणी गरजलं नाही. गवत कापायच्या मशीनवर जरा गंज चढला होता, तो तिनं बोटानं खरवडला.

"बघ," दारातून आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, कायमचे येतायत म्हणून?"

फेब्रुवारीत मायलेकी निघाल्या, आधी विमान आणि पुढे बोट. डबा ऋजुताच्या खांद्यावरच्या पिशवीत, आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला. सगळे दाखले तिच्या हाताशी होते. विमानतळावर कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, त्याची तीन वाक्यं तिनं यावेळी पाठच केली होती.

काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, "किती जण आहात?"

"दोन," ऋजुता म्हणाली.

"तीन," सुचेताबाई म्हणाल्या. "हिचे वडील आहेत बरोबर. ते डिपेंडंट आहेत."

मुलीचा चेहरा काळजीनं भरला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग हात फोनकडे नेला. "अरेरे! मग त्यांना व्हीलचेअर मागवू का?"

ऋजुतानं तीन वाक्यांसाठी तोंड उघडलं. पहिलं वाक्य जिभेवर आलंही. तिनं आईकडे पाहिलं, पट्टा खांद्यावर जरा वर ओढला, आणि म्हणाली,

"छे! अगदी हलके झालेत."